आखडलेल्या हातापायांचे शास्त्र

एखाद्या घरातील कर्त्या माणसाच्या अंगावरून वारे गेले म्हणजे पहिले काही दिवस त्याचा हात उचलून सोडला असता तो धप्पकन गादीवर पडतो, आणि लुळेपणाविषयी आपल्या सर्वांच्या मनात जी कल्पना असते तिच्याशी हे दृश्य तंतोतंत जुळत असल्यामुळे घरच्यांना त्यात दुःख दिसले तरी नवल दिसत नाही. नवल पुढेच असते. दोन-चार आठवडे लोटल्यावर तोच निर्जीव वाटणारा हात कोपरात वाकून छातीशी येऊ लागतो, मनगट खाली झुकते, अंगठा तळव्यात शिरतो आणि त्याच्यावर चार बोटांची मूठ आवळली जाते. पायाची गत याच्या उलट होते, तो गुडघ्यात वाकेनासा होतो, टाच उचलली जाते, पाऊल आत वळते, आणि रोगी चालू लागला की तो ताठ पाय बाहेरून अर्धवर्तुळ काढीत पुढे आणावा लागतो. आवळलेली मूठ सोडवताना लागणारा जोर पाहून घरची मंडळी मोठ्या आशेने म्हणतात की, हातात ताकद येऊ लागली. वस्तुतः त्या ताठरपणाला बळ म्हणता येत नाही, कारण त्यावर रोग्याची हुकमत नसते. परंतु त्याला सर्वस्वी शत्रू समजून समूळ उखडून टाकावे म्हटले तर तेही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, रोग्याच्या हिताचे ठरतेच असे नाही. वैद्यक ज्याला ‘स्पास्टिसिटी’ म्हणते त्या या अवस्थेचा हा दुटप्पी स्वभाव ओळखल्यावाचून तिच्या इलाजांचे तारतम्य उमगत नाही.

मेंदूपासून स्नायूपर्यंत हुकूम पोहोचवणाऱ्या मार्गाचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यातील पेशी मेंदूच्या बाह्य थरात असतात व त्यांचे लांबच लांब तंतू खाली उतरत, बहुतांशी मेंदूच्या बुडाशी बाजू बदलून, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येऊन थांबतात. दुसऱ्या टप्प्यातील पेशी मज्जारज्जूतच ठाण मांडून असतात आणि त्यांचे तंतू बाहेर पडून प्रत्यक्ष स्नायूला मिळतात. पोलिओचा विषाणू या दुसऱ्या टप्प्याचा घात करतो, म्हणून पोलिओने गेलेला पाय बारीक, सैल आणि कायमचा लोंबता राहतो. असे पाय असलेल्यांची पिढी आता ओसरत चालली आहे, कारण मूळ विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातील अखेरचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात आढळला, त्यानंतर एकही नाही. याउलट मेंदूतील रक्तस्राव, रक्ताची गुठळी, जन्माच्या आगेमागे बालकाच्या मेंदूला पोहोचलेली इजा, अपघातात दुखावलेला मज्जारज्जू अगर मल्टिपल स्क्लेरोसिससारखा रोग पहिल्या टप्प्यावर घाला घालतो. दुसरा टप्पा शाबूत राहतो, आणि ताठरपणा उपजतो तो या शाबूत राहिलेल्या टप्प्याच्या अतिउत्साहातून.

प्रत्येक स्नायूच्या पोटात, त्याच्या तंतूंना समांतर, चातीच्या आकाराची अतिसूक्ष्म ग्राहके असतात. स्नायू ताणला गेला की तीही ताणली जातात आणि त्याची वर्दी संवेदक तंतूंच्या द्वारे मज्जारज्जूच्या मागच्या मुळांतून आत जाते. तेथे ती थेट दुसऱ्या टप्प्यातील पेशीला मिळते आणि त्या पेशीच्या आज्ञेने तोच स्नायू आकुंचन पावतो. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून जो पाय उडवून दाखवतात, व ज्याचे वर्णन एर्ब आणि वेस्टफाल या दोघा जर्मन वैद्यांनी १८७५ या एकाच वर्षी निरनिराळे केले, तो झटका म्हणजे हीच क्रिया. तिला मेंदूची परवानगी लागत नाही. परंतु ती किती जोरकस व्हावी यावर मेंदूकडून उतरणारे तंतू रात्रंदिवस अंकुश ठेवीत असतात. हा अंकुश नाहीसा झाला की, हुजूर कचेरीशी दळणवळण तुटलेल्या दूरच्या ठाण्यातील शिपायांनी प्रत्येक पावलाच्या आवाजाला हल्ला समजून बंदुका रोखाव्यात, तशी मज्जारज्जूची अवस्था होते. मात्र ती तत्काळ होत नाही. वरचा पुरवठा एकाएकी थांबल्याने प्रथम मज्जारज्जू स्तब्ध होतो, आणि मग कित्येक आठवड्यांच्या अवधीत त्याच्या पेशी अधिकाधिक संवेदनशील होत जातात. पक्षाघाताचा हात आधी लुळा आणि मग ताठ का होतो, याचा उलगडा येथे आहे.

ही उपपत्ती नुसत्या तर्कातून निघालेली नाही. तिच्यामागे चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाचे आयुष्यभराचे परिश्रम आहेत. लिव्हरपूल येथे अध्यापक असताना १८९८ साली त्याने असे दाखवून दिले की, मांजराच्या मध्यमेंदूच्या पातळीवर छेद देऊन वरचा मेंदू अलग केला असता त्याचे चारही पाय खांबासारखे ताठ होतात. एवढ्यावरच तो थांबला असता तर एक चमत्कारिक दृश्य यापलीकडे त्याची किंमत राहिली नसती. परंतु त्याने पुढे त्याच मांजराच्या एका पायाकडून मज्जारज्जूत येणारी मागची, म्हणजे संवेदना आणणारी, मुळे तोडली आणि तो पाय तत्क्षणी ढिला पडला. म्हणजे ताठरपणाचे इंधन स्नायूत नव्हते की मेंदूतही नव्हते. स्नायूकडून वर जाणाऱ्या वर्दीवर तो पोसला जात होता. शेरिंग्टनला १९३२ साली एड्रियनसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मागच्या मुळांच्या त्या छेदाची परिणती पुढे शस्त्रक्रियेत झाली, तिचा उल्लेख यथावकाश येईल.

ऑस्ट्रेलियन मज्जातंतुतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली या अवस्थेची जी व्याख्या केली तिच्यातील कळीचा शब्द आहे वेग. आखडलेले कोपर सावकाश, श्वासाच्या लयीने उघडले तर बरेचसे उघडते. तेच झटक्याने ओढले तर मध्येच कोणी पकडल्यासारखे अडते आणि मग कधी कधी एकाएकी सैल पडते. पाऊल झटक्यात वर दाबले तर ते थडथड थडथड असे तालात उडत राहते. रोग्याची शुश्रूषा करणाराला या एका गुणधर्माचे ज्ञान दहा औषधांच्या नावांपेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण घाईने ओढलेला हात अधिक आखडतो आणि आखडला म्हणून तो आणखी जोराने ओढला जातो, हे दुष्टचक्र घरोघर चालू असते. डॉक्टर मंडळी ताठरपणाला शून्य ते चार असे गुण देतात. ही अ‍ॅशवर्थ यांची १९६४ सालची श्रेणी. मोजमापाला ती ठीक आहे, परंतु तिच्यावरून रोग्याचे सुखदुःख कळत नाही, आणि ताठरपणा मज्जातंतूंमुळे आहे की स्नायू व कंडराच कायमच्या आखूड झाल्या आहेत, हेही तिच्यावरून नीटसे ठरत नाही. हा भेद मात्र निर्णायक आहे. पहिल्या प्रकारचा ताठरपणा औषधाने उतरतो. दुसऱ्या प्रकारचा कोणत्याही गोळीला दाद देत नाही, आणि उपचारात दिरंगाई झाली की पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होते.

या अवस्थेचे निर्भेळ रूप पाहावयाचे असेल तर परदेशी ग्रंथ धुंडाळावे लागत नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात, शेतात धान उभे असतानाच ओल्या बांध्यांत लाखोळीचे बी फेकून देण्याची, जिला उतेरा म्हणतात ती, पद्धत जुनी आहे. नांगरट नको, खत नको, वर पाण्याचा थेंब पडला नाही तरी चालते. अवर्षणात इतर सारी पिके करपली तरी ही डाळ हाती लागते, आणि तिचा नेमका हाच गुण गरिबाच्या मुळावर येतो. कालवणापुरती वा भजीपुरती ती खाल्ली तर सहसा काही बिघडत नाही. परंतु दुष्काळात दुसरे धान्यच नसल्यामुळे दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून तीच पोटात गेली, तर धडधाकट तरुणाचे पाय एके दिवशी जड वाटू लागतात, पोटऱ्यांत वांब येतात, टाचा उचलल्या जातात, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जाऊन पावलांची कात्री होते, आणि चवड्यावर, काठीच्या आधाराने, अगदीच दुर्दैव असेल तर दोन हातांवर रांगत त्याला उरलेले आयुष्य काढावे लागते. बुद्धी, वाचा, स्पर्शज्ञान बहुधा अबाधित असते. कारण या डाळीतील विष पायांकडे जाणाऱ्या पहिल्या टप्प्यातील पेशीच काय त्या मारते. म्हणून येथे ताठरपणा दुसऱ्या कोणत्याही लक्षणाची भेसळ न होता दिसतो. रोग पुढे वाढत नाही, पण मागेही फिरत नाही.

आपल्या प्राचीनांना याची जाणीव होती. सुश्रुतसंहितेत ‘कलायखंज’ नावाच्या, लंगडत व थरथरत चालण्याच्या विकाराची नोंद आहे, आणि भावप्रकाशाने त्रिपुटा, म्हणजे लाखोळी, या धान्याच्या दोषांत खंजत्व व पंगुत्व स्पष्टपणे गणले आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेल्या स्लीमनने आपल्या प्रवासवृत्तात सागर प्रांतातील अशाच एका साथीची कैफियत लिहून ठेवली आहे: १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे गारपीट, अवर्षण व तांबेरा यांनी गहू बुडाला, लोकांनी आपोआप उगवलेल्या तिवड्यावर, म्हणजे याच लाखोळीवर, गुजराण केली, आणि १८३३ पासून त्या गावांतील तरुणांचे कमरेखालचे अंग निकामी होऊ लागले. विषाची रासायनिक ओळख पटण्यास मात्र १९६४ साल उजाडावे लागले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा यांनी त्या डाळीतून ते विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. त्याआधीच, १९६१ साली, अन्नभेसळ प्रतिबंधक नियमान्वये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. बंदीचा हेतू चांगला होता. परंतु रेवा भागात जेथे मालक बांधलेल्या मजुराची मजुरीच या धान्यात चुकती करी, तेथे बाजारातील विक्री बंद करून त्या मजुराच्या ताटात काय फरक पडणार होता, हा प्रश्न कायदा करणारांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. डाळ भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाकले तर विषाचा पुष्कळ अंश निघून जातो, आणि ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखी अल्पविष वाणे आता उपलब्ध आहेत. हे दोन उपाय शेतकऱ्याच्या अधिक पचनी पडणारे आहेत. दुसऱ्या महायुद्धात व्हापनियार्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना ही डाळ मुख्य अन्न म्हणून चारण्यात आली आणि शेकडो कैद्यांना हा विकार जडला. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी त्याचे निदान केले, हीदेखील या डाळीच्या इतिहासाची एक काळी नोंद आहे.

बालकांतील ताठरपणाचा विचार विल्यम जॉन लिटल या लंडनच्या शल्यचिकित्सकाने प्रथम व्यवस्थित मांडला. स्वतः लिटलचे एक पाऊल बालपणीच्या आजाराने वाकडे झाले होते. हानोव्हर येथे स्ट्रोमायर यांनी १८३६ साली कंडरा छेदून ते सरळ केले, आणि रोगी म्हणून गेलेला हा मनुष्य तीच विद्या शिकून मायदेशी परतला. प्रसूतीतील अडथळे व मुदतपूर्व जन्म यांचा मुलाच्या ताठ अवयवांशी संबंध असल्याचे त्याने १८६१ साली प्रतिपादन केले. पुढे सिग्मंड फ्रॉइड यांनी—मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी ते मज्जातंतूंचेच अभ्यासक होते—१८९७ च्या आपल्या ग्रंथात उलट शंका काढली की, गर्भातच आधी काही बिघडलेले असल्यामुळे प्रसूती अवघड होत असेल, तर कारण कोणते आणि कार्य कोणते? आजचा पुरावा पुष्कळसा फ्रॉइडच्या बाजूला झुकतो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला पोहोचलेल्या इजेतून उद्भवणारा विकार, असलेल्या एकूण मुलांत जन्मसमयी गुदमरण्याने झालेल्यांचा वाटा लहानच आहे. आपल्याकडे मात्र बाळ उशिरा रडले म्हणून सुइणीला, डॉक्टरला आणि बहुतेक वेळा आईला आजन्म दोष दिला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते.

आता उपचारांकडे वळू. औषधाचा कागद हाती घेण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, हा ताठरपणा रोग्याच्या कोणत्या कामात आड येतो, आणि कोणते काम तो करून देतो? ज्याच्या मांडीत स्वतःचे बळ उरलेले नाही असा मनुष्य पुष्कळदा त्या ताठ पायाच्याच खांबावर उभा राहतो, पलंगावरून खुर्चीत जातो, चार पावले टाकतो. गोळ्या वाढवून तो पाय मऊ केला की श्रेणीतील गुण सुधारतो आणि रोगी जमिनीवर कोसळतो. याच्या उलट, घट्ट आवळलेल्या मुठीचा रोग्याला काडीचाही उपयोग नसतो. म्हणून हात ढिला करावा, पाय तसाच ठेवावा, असा निवाडा एकाच देहाच्या बाबतीत द्यावा लागणे यात विसंगती काहीच नाही.

त्या मुठीचाच विचार करा. तळव्यात घाम साचतो, वास येतो, कातडी पांढरी होऊन सोलते, वाढलेली नखे मांसात रुततात. आंघोळीच्या वेळी घरची व्यक्ती बोटांची टोके धरून एकेक बोट ओढू पाहते, रोगी कळवळतो आणि मूठ अधिकच मिटते. योग्य रीत याहून सोपी आहे. कोपराला उशीचा आधार द्यावा. मनगट सरळ करण्याच्या भरीस न पडता ते आधी आणखी खालीच वाकवावे, म्हणजे बोटांकडे जाणाऱ्या कंडरांचा ताण उतरतो. मग अंगठा त्याच्या मुळाशी, तळव्याच्या गादीपाशी धरून सावकाश बाहेर काढावा. आणि बोटे स्वतःहून सैल पडेपर्यंत थांबून, ती उघडल्यावरच मनगट हळूहळू वर आणावे. तळवा कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या सांदी कोरड्या कराव्यात, नखे कापावीत. सदरा घालताना आखडलेला हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. या हातात रबरी चेंडू देऊन तो दिवसभर दाबायला सांगण्याची जी सर्रास प्रथा आहे ती मात्र सोडून द्यावी. ज्याला मूठ मिटताच येते, उघडता येत नाही, त्याला मिटण्याचाच सराव देण्यात हशील नाही. मालिशाने बरे वाटते आणि कोमट तेलाला माझा विरोध नाही. परंतु खांद्याला हिसके देणारे मालिश आणि स्पर्शज्ञान मंदावलेल्या अंगावर शेकाची गरम पिशवी ही दोन्ही घातक आहेत. कबुतराच्या रक्ताने अंग चोळण्याचा प्रकार अजूनही काही ठिकाणी चालतो. त्याबद्दल कबुतराची कीव करण्यापलीकडे काही लिहिण्यासारखे नाही.

ताठरपणा एकाएकी वाढला तर औषधाची मात्रा वाढवण्याआधी त्या वाढीचे कारण शोधावे. मज्जारज्जू दुखावलेल्या माणसाला कमरेखालचे दुखणे जाणवत नाही, पण त्याचा मज्जारज्जू ते जाणतो आणि झटक्यांच्या रूपाने बोलून दाखवतो. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, पिळा पडलेली लघवीची नळी, चार दिवसांचा मलावरोध, पाठीमागे धरू लागलेला शय्याव्रण, पायाच्या अंगठ्याचे आत वाढलेले नख, घट्ट पट्टा, फार काय, थंडीचा कडाका, यांपैकी काहीही पुरेसे होते. व्यायामाच्या बाबतीतही एक जुनी श्रद्धा आता तपासून घ्यावी लागते. रोज काही वेळ स्नायू ताणून धरला की तो आखूड होत नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आलो. नियंत्रित चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात केवळ ताणण्याचा गुण फारच अल्प आढळला आहे. उभे राहणे, बसून उठणे, पेला उचलून ओठांशी नेणे, अशी प्रत्यक्ष कामाची हालचाल शेकडो वेळा करवून घेण्यावर आता भौतिकोपचाराचा भर आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

गोळ्यांमध्ये बॅक्लोफेन हे नाव अग्रगण्य आहे. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत १९६२ साली ते अपस्मारासाठी म्हणून तयार झाले, अपस्मारावर निरुपयोगी ठरले आणि ताठरपणावर गुणकारी निघाले. मज्जारज्जूतील अंकुशाचे जे नैसर्गिक द्रव्य, त्याच्यासारखेच ते काम करते. त्याच्या जोडीला टिझानिडिन, डायझेपाम, आणि थेट स्नायूच्या आतील यंत्रणेवर काम करणारे डँट्रोलीन आहे. ही सारी औषधे आखडलेल्या स्नायूसाठी दिली तरी निरोगी स्नायूलाही पोहोचतात. गुंगी, अशक्तपणा, चक्कर ही त्यांची किंमत आहे, आणि टिझानिडिन व डँट्रोलीन घेणाराच्या यकृताची मधून मधून तपासणी करावी लागते. टिझानिडिन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे जुलाबावर व लघवीच्या जंतुसंसर्गावर सहज दिले जाणारे औषध वर्ज्य आहे, कारण त्यामुळे टिझानिडिनचे रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढून रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो. आणि बॅक्लोफेन संपले म्हणून अगर बरे वाटते म्हणून एकाएकी बंद करू नये. भ्रम होणे, झटके येणे, क्वचित प्राणावर बेतणे, हे तसे केल्याचे परिणाम आहेत. गावी जाताना चष्मा राहिला तरी चालेल, ही गोळी राहता कामा नये.

ठरावीक स्नायूच ढिला करावयाचा तर बोटुलिनम विषाची सुई हा आजचा सर्वाधिक वापरला जाणारा इलाज, आणि त्याची पूर्वपीठिका मोठी चमत्कारिक आहे. व्युर्टेम्बर्गमधील युस्टिनुस केर्नर हा वैद्य उत्तम कवीही होता. बिघडलेल्या सॉसेजच्या विषाचे त्याने १८२० च्या सुमारास सविस्तर वर्णन केले आणि हेच विष अल्प मात्रेत औषध म्हणून चालेल, असे भाकीत करून ठेवले. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावी एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेले मांस खाल्ले, त्यांतील काही दगावले, आणि व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून या विषाचा जिवाणू शोधून काढला. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी या विषाची सुई माणसाला देण्याचे धाडस केले, आणि १९८९ साली अमेरिकेत तिला औषध म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. मज्जातंतूच्या टोकाशी स्नायूला आज्ञा देणारे जे द्रव्य स्रवते त्याचा स्राव हे विष अडवते; गुण काही दिवसांत दिसू लागतो आणि तीनेक महिन्यांत ओसरतो. तळवा धुता येतो, बाही चढते, टाच टेकते, वेदना कमी होतात. परंतु सुई घेतली म्हणून निकामी हात कामाला लागला, असे फारसे घडत नाही, आणि तसे आश्वासन देणाराकडे संशयाने पाहावे. हे तीन महिने व्यायामासाठी मिळालेली मुदत आहेत. ती पलंगावर घालवायची असेल तर एवढी महागडी सुई घेण्यात अर्थ नाही. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी फिनॉलची सुई, जिचा खर्च तुलनेने नगण्य आहे, निवडक मज्जातंतूंवर अजूनही उत्तम काम देते. तिला हात कसलेला लागतो आणि ती चुकीच्या मज्जातंतूवर पडली तर दीर्घकाळ जळजळ मागे राहते. तरीही केवळ जुनी म्हणून तिची उपेक्षा होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांगी ताठरपणा गोळ्यांना दाद देत नसेल तेव्हा पोटाच्या कातडीखाली एक छोटा पंप बसवून त्यातून बारीक नळीने बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. शिकागोच्या रिचर्ड पेन यांनी १९८४ साली ही पद्धत जाहीर केली. तोंडाने घ्यावयाच्या मात्रेच्या शतांश औषधही येथे पुरते, परंतु पंपाची किंमत लाखांच्या घरात जाते आणि तो वेळोवेळी भरून घ्यावा लागतो, त्यामुळे आपल्याकडे तो थोड्यांच्याच वाट्याला येतो. शेरिंग्टनच्या छेदाचा माणसावर उपयोग ब्रेस्लाऊच्या ओट्फ्रिड फ्योर्स्टर यांनी १९०८ च्या सुमारास केला. त्यांनी मागची मुळे समूळ कापली, ताठरपणा गेला, पण संवेदनाही गेली. इटलीत फाझानो यांनी प्रत्येक मुळाचे तंतू सुटे करून, विद्युत् प्रवाहाने पारखून, त्यांतील निवडकच छेदण्याची युक्ती काढली आणि दक्षिण आफ्रिकेत वॉरविक पीकॉक यांनी ती अधिक निर्धोक केली. दोन्ही पाय ताठ पण धडात व पायांत स्वतःचे बळ असलेल्या, कष्टाचा व्यायाम करू शकणाऱ्या निवडक मुलांनाच ती लाभते. आखूड झालेल्या कंडरा लांब करणे हे अस्थिशल्यज्ञाचे काम. दर वर्षी एक शस्त्रक्रिया करून मुलाचे बालपण इस्पितळात घालवण्यापेक्षा सर्व पातळ्यांवरील दुरुस्ती एकाच बैठकीत करण्याकडे आता कल आहे. येथे पालकांना क्वचितच सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे एक-तृतीयांश मुलांत मांड्यांच्या ओढीमुळे खुब्याचा सांधा हळूहळू, वेदनेची कसलीही सूचना न देता, निखळत जातो. खुब्याचे क्ष-किरण छायाचित्र ठरावीक मुदतीने काढून घेतले तर हे वेळीच कळते. वाट पाहिली तर कळते ते मूल मांडीवर घेताना किंचाळू लागते तेव्हा.

मूलपेशींच्या सुया टोचून मेंदू पुन्हा उगवून देण्याच्या जाहिराती मोठ्या शहरांतून जोरात चालतात आणि त्यासाठी शेती गहाण पडल्याच्या हकिकती ऐकू येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ठरावीक रक्तविकारादींवरील रोपण वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाराकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. तेव्हा जो अशा सुईचे पैसे मागतो त्याचा उपचार सिद्ध झालेला नाही, एवढे ओळखावे.

त्या पैशाने करण्यासारखे पुष्कळ काही जवळच आहे. मुंबईत हाजीअलीजवळ भौतिकोपचार व पुनर्वसनाची केंद्रीय संस्था १९५५ पासून उभी आहे. याच शहरात १९७० च्या दशकाच्या आरंभी मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी संस्था काढून, ज्यांना शाळेची दारे बंद होती त्यांना शिकवता येते हे दाखवून दिले. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात सेरेब्रल पाल्सी व मल्टिपल स्क्लेरोसिस या दोहोंचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्याला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते, त्यात नियमित थेरपीचाही खर्च धरलेला आहे, आणि प्रवेशासाठी वैद्यकीय पूर्वतपासणीची अट नाही. पक्षाघाताच्या रोग्याला ही योजना लागू होत नाही. त्याने दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयाकडे अर्ज करावा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या पालकांनी मात्र दाखला, ‘निरामय’चा अर्ज आणि खुब्याचे छायाचित्र ही तिन्ही कामे पुढच्या महिन्यावर टाकू नयेत.